पडणाऱ्याला ऑस्कर, गाणाऱ्याला काय?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना ‘गाढे अभ्यासक’ असं म्हटलं. ‘गाढ’पर्यंत येऊन ते जरा थांबले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. (हशा) पुढचं अक्षर बरोबर आलं, त्यांचे आभार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या वेस्टर्न चित्रपटांतले उसने आवाज: लपवाछपवीची तीन कारणं’. ती तीन कारणं मी देणार आहे, पण शेवटी. आधी दिली तर मागच्या दोन रांगा चहाला उठतील, आणि त्या दोन रांगांत माझे नातेवाईक बसलेत. वेस्टर्न म्हणजे घोडा, टोपी, कमरेला पिस्तूल, आणि ज्या गावात एकच रस्ता आहे आणि त्यावर फक्त दारूचा गुत्ता आणि तुरुंग आहे, तसले चित्रपट. आपल्या पिढीने ते मॅटिनीला बघितले. तेव्हा इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळे कथा फार चांगली कळायची.

तर जॉन वेनपासून सुरुवात करतो. जॉन वेन म्हणजे सहा फूट चार इंच उंचीचा, दाराच्या चौकटीत उभा राहिला की खोलीतला उजेड जाणारा माणूस. ‘स्टेजकोच’, ‘रेड रिव्हर’, ‘द सर्चर्स’. हा माणूस गाणारा काऊबॉय होता, असं मी म्हटलं तर विश्वास बसेल? बघा, पहिल्या रांगेतल्या काकांनी लगेच मान हलवली. काका, होता. १९३३ साली ‘राइडर्स ऑफ डेस्टिनी’ नावाचा चित्रपट आला. लोन स्टार नावाची छोटी निर्मितीसंस्था, वितरण मोनोग्राम कंपनीचं. तासाभराच्या आत संपणारा, पैसे वाचवून वाचवून काढलेला चित्रपट. वेन तेव्हा पंचविशीच्या पुढेमागे, अजून ‘स्टेजकोच’ यायला सहा वर्षं होती, आणि मिळेल ते काम करत होता. त्यात त्याच्या पात्राचं नावच ‘सिंगिंग सँडी’.

चित्रपट उघडतो तोच पांढऱ्या घोड्यावर स्वार झालेला वेन गिटार छेडत, गात येतो. लगाम कुणी धरलाय ते विचारू नका, घोडा शहाणा आहे. आणि त्या छातीतून आवाज येतो तो असा खर्जातला, घोटीव, जणू माणूस गावच्या चर्चमधल्या गायकवृंदात रविवारी उभा राहतो. पुढे एक प्रसंग आहे. गावातला बंदूकबाज रस्त्याच्या त्या टोकाला उभा आहे. सगळे लोक दारं-खिडक्या लावून घेतायत. वेन या टोकाकडून चालत निघतो, आणि गातो! आज गावात रक्त वाहणार, अशा अर्थाचं गाणं आहे. चाल संथ, पावलं त्या तालावर, चेहऱ्यावर मात्र कसलाही भाव नाही. ओठ हलतात, पण जेमतेम, दातदुखी असलेला माणूस बोलतो तसे. आवाज केवढा मोठा आणि तोंड केवढं उघडतंय, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मी हा प्रसंग एवढ्या वेळा बघितलाय की घरात तो लागला की बायको दुसऱ्या खोलीत जाते. पण तुम्ही बघाच. बंदूक बाहेर काढायच्या आधी गाणं म्हणून दाखवणारा नायक तुम्हाला कुठल्याच देशाच्या सिनेमात मिळणार नाही. आपल्याकडचा नायक गातो, पण मारामारी संपल्यावर, बागेत.

तो आवाज वेनचा नव्हता. वेनला सुरात गाता येत नव्हतं आणि गिटार वाजवता येत नव्हती. मग गायलं कोण? इथे माझी पहिली तक्रार. श्रेयनामावलीत नाव नाही. अनेक वर्षं स्मिथ बालू ह्या गायकाचं नाव घेतलं जायचं. हा बालू म्हणजे वाद्यवृंदाचा नेता, आणि पुढे १९३७ मध्ये स्वतःच गाणारा काऊबॉय म्हणून पडद्यावर आला. नंतर अभ्यासकांचा कल दुसरीकडे झुकला. चित्रपटाचा दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी, त्याचा मुलगा बिल. ह्या बिलचा जुळा भाऊ म्हणजे बॉब स्टील, जो स्वतः वेस्टर्नचा नट. म्हणजे घरात एक मुलगा पडद्यावर पिस्तूल चालवतोय, आणि दुसऱ्याचा गळा बाबांनी जॉन वेनला दिला. पैसे वाचवण्याची ही रीत आपल्या मराठी निर्मात्यांनाही पटेल. (हशा) पण विचार करा, एवढ्या मोठ्या नटाचा आवाज कुणाचा होता, ह्यावर लोकांनी वाद घालावा, ह्याचा अर्थ काय? अर्थ असा की ज्याने गायलं त्याने कधी ‘मी, मी’ म्हटलं नाही, किंवा म्हटलं असेल तर कुणी ऐकलं नाही.

आता पुढची गंमत. वेन पुढे मुलाखतींतून हा किस्सा रंगवून सांगायचा. चित्रपटाच्या प्रचारासाठी गावोगाव जायचा, तर पोरं समोर येऊन उभी. सँडी, गाणं म्हण! आणि हा सहा फुटी माणूस शरमेने पाणी-पाणी. गिटार हातात घेऊन उभा राहायचं, आणि सांगायचं काय? की बाळांनो, तो मी नव्हेच? (हशा) शेवटी म्हणे तो मालकाकडे गेला आणि म्हणाला, बस्स झालं, एखादा खरा गाणारा शोधा. आणि मालकाने जीन ऑट्री शोधला. आता ह्या शेवटच्या भागात मीठमसाला आहे हे मी अभ्यासक म्हणून सांगायला हवं. ऑट्री १९३४ मध्येच ‘इन ओल्ड सांता फे’ चित्रपटात गाऊन गेला होता. आणि वेनने त्यानंतरही ‘वेस्टवर्ड हो’, ‘लॉलेस रेंज’ ह्या १९३५ च्या चित्रपटांत उसन्या गळ्याने गायलंच. पण किस्सा खरा असला काय, नसला काय, त्यातली लाज खरी आहे. पोरांसमोर उघडं पडण्याची भीती. ती लक्षात ठेवा, तिच्यावरच माझं म्हणणं उभं आहे.

कारण त्याच चित्रपटात आणखी एक माणूस आहे. खलनायकाच्या टोळीतला एक गडी. याकिमा कनट. हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. त्यातला एक माझा भाचा, त्याला मी काल सांगितलं. कनट हा रोडिओचा विजेता. रोडिओ म्हणजे बेलगाम घोड्यावर बसून किती वेळ पडत नाही ह्याची स्पर्धा. मूकपटांच्या काळात हा नायक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नौदलात असताना त्याला इन्फ्लुएंझा झाला आणि घसा कायमचा बसला. मूकपटात कोण आवाज ऐकतंय! पण १९२७-२८ पासून बोलपट आले, आणि कनटचा आवाज नायकाला शोभेना. मग त्याने काय करावं? जे येत होतं ते केलं. घोड्यावरून पडणं. नायकाच्या जागी. वेनच्या जागी तो शेकड्यांनी पडला असेल. घोड्यावरून उडी मार, टांग्याखाली जा, छपरावरून कोसळ. चालण्याची ती लचकत ढब आणि तो सावकाश बोलण्याचा ढंग वेनने कनटचा बघून उचलला, असंही सांगतात.

ह्या माणसाच्या कामाचा नमुना बघायचा असेल तर ‘स्टेजकोच’, १९३९. टांगा सुसाट चाललाय, सहा घोडे जुंपलेत. अपाची आदिवासी योद्ध्याच्या वेषातला कनट आपल्या घोड्यावरून पुढच्या जोडीवर उडी मारतो. गोळी लागते. तो दोन घोड्यांच्या मधल्या दांडीला लोंबकळतो, पाय जमिनीवर घासत जातात, मग हात सोडतो, आणि सहाही घोडे आणि अख्खा टांगा त्याच्या अंगावरून निघून जातो. कॅमेरा कापत नाही! जमिनीवर सपाट पडलेला माणूस मागे राहतो आणि तुम्हाला दिसतो. त्यात संगणक नाही, बाहुलं नाही. खुरांच्या दोन रांगांमध्ये किती जागा असते ते कुणी घोडेस्वारी करणाऱ्याला विचारा. आणि गंमत अशी की ज्या नटाच्या गोळीने हा पडतो तो नट जॉन वेन. म्हणजे वेन पडद्यावर ज्याला मारतोय तोच मागच्या बाजूने वेनची कामं करतोय.

ह्या कनटला १९६६ सालासाठी मानद ऑस्कर मिळालं. स्टंटमन म्हणून केलेल्या कामासाठी आणि सगळ्या स्टंटवाल्यांच्या सुरक्षेसाठी शोधलेल्या साधनांसाठी. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. रास्तच आहे. आणि आता तर ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जाहीर केलंय, २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटसाठी वेगळं ऑस्कर. फार उत्तम. माझा प्रश्न एवढाच की ‘राइडर्स ऑफ डेस्टिनी’मध्ये जॉन वेनला दोन माणसांनी उसनं दिलं. एकाने अंग दिलं, एकाने गळा दिला. ज्याने अंग दिलं त्याला ऑस्कर. ज्याने गळा दिला त्याचं नाव काय ह्यावर वाद. का?

हेच माझं आजचं खूळ. मी ते दोन-तीन ठिकाणी मांडून बघितलं, लोकांनी चहा पाजला आणि विषय बदलला. आज तुम्ही पैसे भरून आलायत, तुम्हाला ऐकावंच लागेल.

म्हणणं असं. प्रेक्षक म्हणून आपण अंग उसनं चालवून घेतो. नायक गच्चीवरून पडला, आपण जाणतो तो नायक नाही, तरी श्वास रोखतो. त्यात फसवणूक झाली असं कुणी म्हणत नाही. उलट विम्याची कंपनी परवानगीच देत नाही. पण गळा उसना निघाला की तिकडच्या लोकांचा चेहरा असा होतो, जणू लग्नात मुलगी बदलली. तिकडे आवाज म्हणजे माणूस. आणि म्हणून ज्याने गळा दिला त्याने तोंड बंद ठेवायचं. आणि इथेच आपलं घर उलटं आहे. आपल्याकडे गळा उसना हे पोस्टरवर छापतात. अंगाचं मात्र कुणी नाव घेत नाही. पंचवीस वर्षं नायकाच्या जागी पडलेल्या माणसाची तुम्हाला एक तरी जन्मतारीख माहीत आहे? आणि गायिकेच्या पहिल्या गाण्याचा दिवस, रेकॉर्ड नंबर, स्टुडिओत पंखा बंद होता की चालू, सगळं तोंडपाठ. (हशा)

अर्थात आपण काही जन्मजात उदार नव्हतो. १९४९ च्या ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा ‘आयेगा आनेवाला’ च्या लेबलवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र! लताबाईंचं नाव नाही. लोकांनी आकाशवाणीला पत्रं लिहिली, ही कोण, आणि मग नाव जाहीर झालं. पुढे फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला बक्षीस नव्हतं म्हणून लताबाईंनी ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाला त्या सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गायला नकार दिला, आणि १९५९ पासून पार्श्वगायनाला पुरस्कार सुरू झाला. म्हणजे हक्क आपल्याकडेही भांडूनच मिळाला. फक्त आपल्याकडे भांडायला लता मंगेशकर होत्या, आणि ती सोय प्रत्येक देशात नसते.

थांबा, एक तक्रार राहिली, ती सांगून टाकतो, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. ‘रिओ ब्राव्हो’ नावाचा चित्रपट, १९५९, हॉवर्ड हॉक्सचा. तुरुंगाच्या खोलीत चौघे अडकलेत, बाहेर शत्रू. डीन मार्टिन आडवा पडून गातो, रिकी नेल्सन गिटार घेऊन साथ देतो, म्हातारा वॉल्टर ब्रेनन माउथऑर्गन वाजवतो. खरे गायक, खरे गळे. आणि जॉन वेन काय करतो? तो हातात मग घेऊन उभा राहतो आणि गालातल्या गालात हसत नुसता ऐकतो. सव्वीस वर्षांपूर्वीचा सिंगिंग सँडी! एक सूर काढत नाही. दिग्दर्शकाने त्याला गाऊ दिलं नाही ह्यात कुणाचीही हरकत नव्हती, वेनची तर अजिबातच नसणार. एवढा सुंदर विनोद, आणि तो एका चॅनेलने दुपारच्या प्रक्षेपणात कापला! जाहिरातीसाठी! गाणं सुरू झालं, डीन मार्टिनने टोपी डोळ्यावर ओढली, आणि पुढच्या क्षणी साबण. परत आलो तर गोळीबार सुरू. मी त्यांना पत्र पाठवलं, दोन पानी, पाठपोट. उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुन्हा लागला तेव्हा जाहिरात होतीच, फक्त ह्या वेळी टूथपेस्ट. (हशा) माझं म्हणणं, गोळीबार कापा ना. वेस्टर्नमध्ये गोळीबार भरपूर आहे, एखादा कमी झाला तर कुणाला कळणार नाही. गाणं मात्र मोजकं असतं.

असो. उसने आवाज. ‘इन ओल्ड सांता फे’चं नाव घेतलं, त्यात नायक ऑट्री नव्हे, केन मेनार्ड. ह्या मेनार्डने १९३० मध्ये स्वतःच्या आवाजात काऊबॉय गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या होत्या. म्हणजे गळा होता, बरा होता, विकत घेणारेही होते. तरी ह्या चित्रपटात घोड्यावरून आपल्या कुत्र्याची स्तुती गाणारा आवाज त्याचा नाही, तो बॉब नोलनचा. नोलन म्हणजे ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ गायकमंडळाचा एक संस्थापक, ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’चा कवी. आणि त्याच मंडळातला त्याचा जोडीदार लेनर्ड स्लाय पुढे रॉय रॉजर्स नावाने काऊबॉयचा राजा झाला. ह्यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. उसना आवाज फक्त बेसूरांनाच देतात हा समज चुकीचा. ज्याला येतं त्यालाही देतात.

आणि ह्याचा सगळ्यात करुण, किंवा विनोदी, तुमच्या स्वभावाप्रमाणे, नमुना म्हणजे ‘द हार्वे गर्ल्स’. १९४६, स्टुडिओ एम्‌जीएम. रेल्वेच्या मार्गावर वसलेली गावं, तिथल्या हार्वे उपाहारगृहांतल्या वाढपी मुली, आणि समोर गुत्त्यातली गाणारी बाई. नायिका ज्युडी गार्लंड, तिला कोण उसना आवाज देणार! पण गुत्त्यातल्या बाईच्या भूमिकेत अँजेला लॅन्सबरी. वय वीस. आदल्याच वर्षी ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मध्ये तिने स्वतःच्या आवाजात गायलं होतं आणि त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. तर एम्‌जीएमने काय केलं? तिचा आवाज काढून व्हर्जिनिया रीस नावाच्या गायिकेचा घातला. चित्रपटात बाई अनुभवी, जगाने घासलेली हवी, आणि वीस वर्षांच्या मुलीचा गळा कोवळा. तर्क समजतो. पण ह्याच लॅन्सबरीबाईंनी पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर काय केलं? ‘मेम’, ‘डिअर वर्ल्ड’, ‘जिप्सी’, ‘स्वीनी टॉड’. चार संगीतिका, चार टोनी, म्हणजे तिकडच्या रंगभूमीचे मोठे पुरस्कार. सगळे गाऊन. लहान मुलांना ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधला चहाच्या किटलीचा आवाज माहीत आहे, तो त्यांचाच. एम्‌जीएमच्या कुणा साहेबाने ह्या बाईला गाता येत नाही असं ठरवलं होतं! आपल्याकडे संगीत नाटकाच्या काळात हे झालं असतं तर प्रेक्षकांनी वन्स मोअर कुणाला दिला असता, विंगेला? (हशा)

त्याच चित्रपटात सिड चॅरिस आहे, तिलाही दुसऱ्याच बाईचा गळा, मॅरियन डोएन्जेसचा. म्हणजे एका चित्रपटात दोन नट्या आणि दोन अदृश्य बाया, आणि नाव मात्र चारातल्या दोघींचंच.

मला चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे.’ खाली ‘कृपया’ पण लिहिलंय, म्हणजे मामला गंभीर आहे. बरं, तीन कारणं राहिलीत, ती भरभर सांगतो. आणखी चार पानं होती, त्यातलं एक तरी नाव घेऊ द्या, बिल ली. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’, १९५४, ओरेगनच्या रानातले सात भाऊ. त्यातले बिनलग्नाचे सहा बर्फात लाकडं फोडतायत आणि बायको नाही म्हणून रडगाणं गातायत, अख्खं गाणं एकाच शॉटमध्ये. कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव मात्रेवर पडतो. त्यातला मॅट मॅटॉक्स हा नर्तक नाचतो स्वतः, गळा बिल लीचा. हाच बिल ली ‘साऊथ पॅसिफिक’मध्ये जॉन केरचा आवाज आहे, आणि ‘द साऊंड ऑफ म्युझिक’मध्ये कॅप्टन फॉन ट्रॅप झालेल्या ख्रिस्तोफर प्लमरचा आवाज आहे. ‘एडलवाइस’ ऐकताना आपण ज्याच्यावर लुब्ध होतो, तो बिल ली. आपल्यापैकी किती जणांनी ते गाणं शाळेत म्हटलंय? आणि बिल ली कोण हे आज कळतंय.

पहिलं कारण, पैसा. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली. पन्नाशीच्या दशकात चित्रपटाच्या गाण्यांची रेकॉर्ड हा मोठा धंदा झाला. कव्हरवर तारकेचा फोटो, कारण तारका विकली जाते. गाणारीचं नाव आलं की हक्काचा वाटा मागायला ती येते. मार्नी निक्सनचंच बघा. हीच ती बाई जी ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करची गाणी गायली, ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडची, ‘माय फेअर लेडी’मध्ये ऑड्री हेपबर्नची. ‘द किंग अँड आय’साठी तिला मिळाले डॉलर ४२०. आकडा मी बनवलेला नाही, चारशे वीसच! (हशा) आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या वेळी रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा तिला कराराने मिळेना, तेव्हा संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने आपल्या वाट्यातला पाव टक्का तिला देऊन टाकला. स्टुडिओने दिला नाही, संगीतकाराने दिला.

दुसरं कारण, प्रतिमा. स्टुडिओने नटी म्हणजे एक अखंड वस्तू म्हणून बनवलेली असते. चेहरा, चाल, आवाज, प्रेमप्रकरण, सगळं एकाच खोक्यात. त्यातला एक भाग दुसऱ्याचा निघाला की बाकीच्या भागांवर प्रश्न. निक्सनबाईंना ‘द किंग अँड आय’ काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओकडून दम मिळाला होता की कुणाला सांगितलंत तर ह्या गावात पुन्हा काम मिळणार नाही. आणि गुपित फोडलं कुणी? खुद्द डेबोरा करने, पत्रकारांना, मोकळेपणाने. त्या दोघी आधी शेजारी शेजारी दोन मायक्रोफोनसमोर उभ्या राहून गाणी बसवत होत्या. बोलता बोलता गाण्यात शिरण्याच्या जागी डेबोरा बोलायची आणि निक्सन गायची, एकाच श्वासात शिवण दिसणार नाही अशी. अहो, हे गाणं नव्हे, अभिनय आहे. इंग्लिश शिक्षिकेचा, पोर्तो रिकन मुलीचा, लंडनच्या फूलवालीचा, असे तीन वेगळे आवाज एका गळ्यातून. आपल्या पार्श्वगायिका सगळ्या चेहऱ्यांना स्वतःचा आवाज द्यायच्या, ही बाई प्रत्येक चेहऱ्याला त्याचा आवाज द्यायची. म्हणून मी म्हणतो तिचं काम गायिकेचं कमी आणि कनटचं जास्त. ‘स्टेजकोच’मध्ये कनट वेनच्या चालीत पडत होता, तशीच ही ऑड्रीच्या उच्चारात गात होती.

तिसरं कारण, पुरस्कार. डेबोरा करला ‘द किंग अँड आय’साठी नामांकन मिळालं. ऑड्रीला ‘माय फेअर लेडी’साठी मिळालं नाही, आणि अनेकांनी त्याचं खापर उसन्या गळ्यावर फोडलं. त्याच चित्रपटात रेक्स हॅरिसनला टायमध्ये लपवलेला बिनतारी मायक्रोफोन देऊन सेटवर प्रत्यक्ष बोलगाणी म्हणू दिली, त्याला ऑस्कर. म्हणजे नामांकन हवं असेल तर गळा स्वतःचा आहे हे दाखवावं लागतं, किंवा उसना आहे हे लपवावं लागतं. तिसरा रस्ता, गायिकेलाही नामांकन द्या, हा अकादमीने धरला नाही, आजपर्यंत नाही. पडण्याचं ऑस्कर जाहीर झालंय, रंगभूषेचं आहे, ध्वनिमुद्रणाचं आहे. ध्वनी मुद्रित करणाऱ्याला ऑस्कर, ध्वनी काढणारीला शून्य!

अध्यक्ष उभे राहिलेत, म्हणजे संपवायलाच हवं. एकच उरलंय, आणि ते वेस्टर्नचंच आहे. १९६९, ‘पेंट युवर वॅगन’. सोनं शोधणाऱ्यांचं गाव. क्लिंट ईस्टवूड आणि ली मार्विन दोघांनीही स्वतः गायलं, आणि ईस्टवूडचं ऐकाच, म्हणजे वेनने पोरांसमोर का पळ काढला ते कळेल. जीन सेबर्गला मात्र ॲनिटा गॉर्डनचा आवाज. गॉर्डनबाई उत्तम गायच्या, डिस्नेच्या ‘फन अँड फॅन्सी फ्री’मधली गाणारी वीणा त्याच. आणि मार्विनचा आवाज म्हणजे विहिरीच्या तळाशी ठेवलेला पिंप. (हशा) त्याचं ‘वॉन्ड्रिन स्टार’ १९७० च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत एक नंबरवर तीन आठवडे होतं. दोन नंबरवर कोण होतं माहीत आहे? बीटल्स, ‘लेट इट बी’! सुरात गाणारी बाई दुसरीच्या चेहऱ्यामागे राहून गायली, आणि बेसूर दारूडा स्वतःच्या नावावर बीटल्सना खाली ठेवून बसला. प्रश्न असतील तर विचारा, पण चहा आधी येऊ द्या, आणि मला तो बिनसाखरेचा.